परदेशी स्थलांतर आणि सोबत गाडी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

गाडी परदेशी न्यायची ठरली की बहुतेक जण पहिला फोन शिपिंग कंपनीला करतात. गाडं तिथेच घसरतं. शिपिंग कंपनीचं काम गाडी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवण्याचं. ती गाडी त्या देशात शिरू शकते का, तिथे नोंदवता येते का, तिच्यावर कर किती बसेल, हे बघणं तिच्याकडे नसतं. मग गाडी पोचते, मंजुरी आलेली नसते आणि बंदरात रोजचं भाडं चढत जातं. भाडं, दंड आणि परत पाठवायचा खर्च मिळून रक्कम गाडीच्या किमतीपलीकडेही जाऊ शकते.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलत राहतात. जिथे एखाद्या देशाचं नाव आलं आहे तिथे ते नमुना म्हणून आलं आहे. तुमच्या देशाचा नियम त्या सरकारच्या संकेतस्थळावर, पानावरची तारीख बघून, स्वतः वाचा. एजंटने तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका.

## टप्पा १: गाडी तिथे जाऊ शकते का, हे आधी ठरवा

इथे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक, गाडीला देशात प्रवेश मिळेल का? दोन, रस्त्यावर चालवण्यासाठी तिची नोंदणी होईल का? तीन, स्थलांतर करणारा म्हणून तुम्हाला करात सवलत मिळेल का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून उरलेल्या दोन्हींचं ‘हो’ येत नाही. तिन्ही खाती बहुतेक ठिकाणी वेगळी असतात आणि एकमेकांची उत्तरं देत नाहीत.

गाडीचं वय. काही देशांना जुनी गाडी नको असते. सिंगापूरमध्ये वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. भारतातही वापरलेल्या गाडीच्या आयातीला उत्पादनापासून तीन वर्षांचीच मर्यादा आहे. काही देशांत नेमकं उलटं. अमेरिकेच्या सुरक्षा मापदंडांप्रमाणे न बनलेली गाडी २५ वर्षं पूर्ण झाल्यावर सहज नेता येते. त्याआधी न्यायची तर नोंदणीकृत आयातदाराकडून तिच्यात बदल करून घ्यावे लागतात, आणि तेही ते मॉडेल पात्र ठरलेलं असेल तरच. कॅनडात हीच सीमा १५ वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंतच्या गाडीला नोंदणीआधी वाहन-मान्यतेची प्रक्रिया लागते, त्यापेक्षा जुनी गाडी साधारणपणे त्यातून सुटते. वय कोणत्या तारखेपासून मोजतात तेही बघा. उत्पादनाची तारीख आणि पहिल्या नोंदणीची तारीख यांत काही महिन्यांचं अंतर असतं, आणि कित्येक अर्ज त्या फरकावरच अडतात.

स्टिअरिंगची बाजू. काही देशांत उलट्या बाजूच्या स्टिअरिंगची गाडी नोंदवलीच जात नाही. भारतात उजव्या बाजूचं स्टिअरिंग, किलोमीटरमधला स्पीडोमीटर आणि डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे हेडलाइट अशा तिन्ही अटी आहेत. युरोपातल्या बऱ्याच देशांत उलट्या स्टिअरिंगची गाडी चालते, पण हेडलाइट बदलावे लागतात. लो बीमचा झोत रस्त्याच्या कडेच्या बाजूला जरा वर उचललेला असतो. बाजू बदलली की तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंग एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला बसवण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. खर्च मोठा, सुरक्षेची हमी नाही, आणि पुष्कळ ठिकाणी असा बदल मान्यही होत नाही.

मापदंड. ‘हीच गाडी तिथेही विकतात’ हे वाक्य घात करतं. नाव आणि आकार तोच असला तरी आतली गाडी वेगळी असते. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीला मागचे इंडिकेटर लाल असू शकतात, युरोपात ते पिवळेच लागतात. युरोपात मागचा फॉग लॅम्प सक्तीचा आहे, अमेरिकेत नाही.

तुमची गाडी कोणत्या मापदंडाची आहे ते गाडीवरच लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या गाडीवर तिथल्या संघीय सुरक्षा मापदंडांचं पालन केल्याचं वाक्य छापलेलं असतं. हेडलाइटच्या आणि खिडकीच्या काचेवर गोलात ‘ई’ आणि शेजारी आकडा असेल, तर तो भाग संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार मान्य आहे. मात्र भागांवरचं चिन्ह म्हणजे अख्ख्या गाडीची मान्यता असं समजू नका. त्यासाठी उत्पादक कंपनीकडून अनुरूपता प्रमाणपत्र मागवावं लागतं. ते यायला वेळ लागतो, म्हणून आजच मागवा.

तुमची स्वतःची पात्रता. करसवलत गाडीला मिळत नाही, माणसाला मिळते. युरोपीय संघात स्थलांतराची सवलत हवी असेल तर तुम्ही आधी किमान १२ महिने संघाबाहेर राहिलेले असायला हवं, गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली हवी, आणि साधारणपणे तिथे मुक्काम हलवल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती आणायला हवी. ब्रिटनची सवलतही १२ महिने वास्तव्य आणि ६ महिने वापर याच धर्तीवर आहे. ऑस्ट्रेलियात वैयक्तिक आयातीच्या मार्गाने न्यायची तर गाडी ऑस्ट्रेलियाबाहेर किमान १२ महिने सलग तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी लागते, शिवाय तिथे कायम राहण्याचा हक्क किंवा त्यासाठी केलेला अर्जही लागतो.

> सावधान: जाण्याआधी ‘इथे स्वस्त मिळते’ म्हणून नवी गाडी घेऊन ती सोबत न्यायचा बेत या अटीवरच बारगळतो. सहा किंवा बारा महिने वापर नसेल तर सवलत नाही, आणि सवलत नसेल तर पूर्ण कर.

> तपासा: तीन प्रश्नांची तीन उत्तरं लेखी स्वरूपात हातात आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा २: न्यावी की विकावी, याचा हिशेब

गाडी चालू बाजारातली, सहज मिळणारी असेल तर विकून टाकलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. नेण्यात अर्थ असतो तो तीन प्रसंगी: गाडी दुर्मिळ आहे, अपंगत्वासाठी किंवा विशेष गरजेसाठी बदल करून घेतलेली आहे, किंवा करसवलत पूर्ण मिळते आणि त्या देशात तशाच गाड्या फार महाग आहेत. जीव जडला आहे हेही कारण होऊ शकतं. फक्त ते हिशेबात दडवू नका, वेगळं लिहा.

हिशेबात जहाजभाडं धरलं जातं आणि बाकीचं राहून जातं. हे सगळं मांडा: मूळ गावापासून बंदरापर्यंतची वाहतूक, दोन्ही बंदरांचे हाताळणी खर्च, जहाजभाडं आणि इंधन अधिभार, विमा, सीमाशुल्क, त्यावरचा मूल्यवर्धित किंवा विक्रीकर, क्लिअरिंग एजंटची (कस्टम्समधून गाडी सोडवून देणाऱ्याची) फी, जैवसुरक्षा तपासणी (गाडीसोबत माती, बिया, किडे आले आहेत का याची), बंदरातून घरापर्यंतची वाहतूक, हेडलाइट-इंडिकेटरसारखे बदल, तांत्रिक चाचणी, नोंदणी, आणि तोपर्यंत तुम्ही भाड्याच्या गाडीवर केलेला खर्च.

कर कशावर बसतो ते नीट समजून घ्या. बऱ्याच देशांत सीमाशुल्क गाडीची किंमत, जहाजभाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागतं. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा त्यात धरत नाहीत. त्यानंतर दुसरा कर शुल्कासकट झालेल्या रकमेवर बसतो, म्हणजे करावर कर. शिवाय गाडीची किंमत तुम्ही सांगाल तीच धरतील असं नाही. पुष्कळ ठिकाणी कस्टम्स स्वतःचे घसारा तक्ते किंवा प्रसिद्ध किंमतपुस्तिका वापरतं.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. चार्जिंगचं सॉकेट बघा. युरोपात टाइप २ आणि सीसीएस २, उत्तर अमेरिकेत त्याहून वेगळे, चीनमध्ये जीबी/टी, जपानमध्ये प्रामुख्याने चाडेमो. घरच्या संथ चार्जिंगला अडॅप्टरने भागतं. महामार्गावरच्या जलद चार्जिंगचं तसं नाही. गाडीतलं सिम, नकाशे आणि कंपनीचं ॲपही देशापुरतं बांधलेलं असू शकतं. कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करून विचारा: ‘दुसऱ्या देशात नोंदवल्यावर सॉफ्टवेअर अपडेट, वॉरंटी आणि रिकॉलची कामं मिळतील का?’

## टप्पा ३: कागद एका नावावर आणा

हा टप्पा लोकांना कंटाळवाणा वाटतो. मुदत मात्र इथेच सगळ्यात जास्त खाल्ली जाते.

नोंदणी प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा आणि पुढे बनणारं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनी माल घेतल्यावर देते ती पावती, जिच्यावर पलीकडे ताबा मिळतो), सगळीकडे नाव एकच आणि एकाच स्पेलिंगचं हवं. गाडी पत्नीच्या नावावर आणि नोकरीचा व्हिसा पतीच्या नावावर असेल तर सवलतीचा अर्जदार कोण, असा प्रश्न येतोच. नाव बदलून घ्यावं असं वाटेल, पण तसं केलं की मालकीचे महिने नव्याने मोजले जाऊ शकतात. आधी विचारा, मग हात घाला. गाडी कंपनीच्या किंवा भागीदारीच्या नावावर असेल तर वैयक्तिक सवलत मिळणं जवळजवळ अशक्य असतं.

गाडीवर कर्ज असेल तर ते फेडा, बँकेचं ना-हरकत पत्र घ्या आणि नोंदणीवरचा बँकेचा बोजा उतरवून घ्या. फक्त पत्र घेऊन थांबणारे खूप असतात. प्रमाणपत्रावर बँकेचं नाव तसंच राहतं आणि निर्यातीच्या वेळी ते दिसतं.

एवढे कागद गोळा करा:

- मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि खरेदीचं बिल
- वापर सिद्ध करणारे पुरावे: जुन्या विम्याच्या पॉलिसी, सर्व्हिसिंगची बिलं, ज्यांवर तारीख आणि किलोमीटर आहेत
- सध्या राहता त्या देशातल्या वास्तव्याचे पुरावे: घरभाडे करार, वीजबिलं, पगारपत्रकं, कर विवरण
- विमा कंपनीकडून दावा न केल्याचं पत्र, किती वर्षांचं ते नमूद करून
- उत्पादकाचं अनुरूपता प्रमाणपत्र किंवा तांत्रिक माहितीपत्र
- या सगळ्यांची त्या देशाच्या भाषेतली प्रमाणित भाषांतरं, मागितली असतील तर

दावा न केल्याचं पत्र नंतर परदेशातून मागवणं म्हणजे डोकेदुखी. पॉलिसी चालू असतानाच घ्या.

आता चॅसिस नंबर. १९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांचा हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत. कागदावर कुठे ‘ओ’ दिसला तर तो शून्य असायला हवा, ‘आय’ दिसला तर एक. टॉर्च घेऊन विंडस्क्रीनखालची पट्टी, दाराची चौकट आणि बॉनेटखालचा कोरलेला नंबर वाचा, फोटो काढा आणि प्रत्येक कागदाशी बोट ठेवून ताडून बघा. एका अक्षराची चूकही नोंदणी कार्यालयात दुरुस्त करून घ्या. परदेशी पोचल्यावर ती चूक ‘टायपिंगची’ राहत नाही. कागदावरची गाडी आणि समोरची गाडी वेगळी, असा तिचा अर्थ काढला जातो.

## टप्पा ४: मंजुरीचा अर्ज करा आणि थांबा

आयातीची परवानगी आणि करसवलत यांचे अर्ज वेगवेगळे भरा. ऑस्ट्रेलियात वाहन आयात मंजुरी हातात आल्याशिवाय गाडी जहाजावर चढवू नका असं सरकारच बजावतं. मंजुरीविना पोचलेली गाडी अडकून राहते आणि शेवटी परत पाठवावी किंवा नष्ट करावी लागू शकते. त्याच देशात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, त्यामुळे जुन्या गाडीचे ब्रेक पॅड, क्लच आणि गॅस्केट तपासून बदलल्याचे पुरावेही लागतात.

निर्यातीची बाजू विसरू नका. गाडी जिथून निघते त्या देशाचंही एक दार असतं. अमेरिकेतून वापरलेली गाडी नेताना ती आणि मालकीचा मूळ कागद निर्यातीच्या किमान ७२ तास आधी सीमाशुल्क खात्यापुढे सादर करावा लागतो. काही देशांत निर्यातीआधी नोंदणी रद्द करावी लागते. अशा वेळी मूळ प्रमाणपत्र जमा होतं आणि पलीकडचा देश नेमकं तेच मागतो. जमा करण्याआधी प्रमाणित प्रती घ्या आणि रद्द केल्याचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात मिळवा.

> सावधान: ‘अर्ज केलाय, येईलच मंजुरी’ या भरवशावर जहाज बुक करू नका. अर्ज क्रमांक म्हणजे मंजुरी नव्हे.

रस्त्याने नेणार असाल तर: सीमा ओलांडत गाडी चालवत न्यायची असेल, तर काही देशांसाठी कार्ने द पासाज हे तात्पुरत्या प्रवेशाचं पुस्तक लागतं. ते ऑटोमोबाइल क्लब अनामत रक्कम घेऊन देतात आणि ते एक वर्ष चालतं. ते पर्यटकाचं साधन आहे, स्थलांतराचं नाही. गाडी परत बाहेर जाईल असं त्यात तुम्ही लिहून दिलेलं असतं. कार्नेवर आत शिरून तिथेच राहिलात आणि रीतसर आयात केली नाही, तर कर अनामतीतून वसूल होतो. हीच गत तात्पुरत्या प्रवेशाच्या इतर सवलतींची. युरोपीय संघात परदेशी नंबरच्या गाडीला साधारण ६ महिने मिळतात, पण ती सवलत संघाबाहेर राहणाऱ्यांसाठी असते. तिथले रहिवासी झालात की सवलतीचा आधार संपला.

## टप्पा ५: रो-रो की कंटेनर

आता शिपिंग कंपनीला फोन करा.

रो-रो जहाजात गाडी चालवत चढवतात आणि चालवत उतरवतात. साधारणपणे हे स्वस्त पडतं. गाडी चालू स्थितीत हवी, किल्ली त्यांच्याकडे राहते आणि आत सामान ठेवता येत नाही. कंटेनरमध्ये गाडी बांधून बंद करतात, अधिक लोकांचे हात तिला लागत नाहीत, पण चढवणं-उतरवणं आणि बांधणं यांचा खर्च वेगळा.

वीस फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण ५.९ मीटर, रुंदी २.३५ मीटर आणि दाराची उंची २.२८ मीटर असते. मध्यम आकाराची गाडी आरामात बसते. रुंद एसयूव्ही आत जाते खरी, पण मग दार उघडून ड्रायव्हरला बाहेर पडायला जागा उरत नाही. आरसे मिटवून आणि दार अर्धवट उघडून किती जागा लागते ते घरीच टेपने मोजा. गाडी अडवायला लाकडी ठोकळे वापरले तर ते आयएसपीएम १५ या लाकडी वेष्टनासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया केलेले आणि शिक्का असलेले हवेत. कच्च्या लाकडामुळे कंटेनर अडकू शकतो.

घरचं सामान गाडीत कोंबायचा मोह होतो. रो-रोमध्ये त्याला बंदी असते आणि चोरीला विमा नसतो. कंटेनरमध्ये परवानगी असली तरी प्रत्येक वस्तू यादीत हवी. डिकीत राहिलेला मसाल्याचा डबा किंवा लोणच्याची बरणी जैवसुरक्षा तपासणीत सगळा कंटेनर रिकामा करायला लावू शकते.

इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाडी असल्याचं पहिल्याच ईमेलमध्ये सांगा. २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ हे जवळजवळ ४,००० गाड्या घेऊन निघालेलं जहाज आग लागून अटलांटिकमध्ये बुडालं. तेव्हापासून लिथियम बॅटरीबाबत कंपन्या जास्तच काटेकोर झाल्या आहेत. कुणी वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतच नाही, कुणी चार्जची मर्यादा घालून देतं. सीएनजी-एलपीजीच्या गाडीबद्दलही आधीच विचारा.

> तपासा: दरपत्रक ‘बंदर ते बंदर’ आहे की ‘दार ते दार’? पोचण्याच्या बंदराचे खर्च त्यात आहेत का? स्वस्त दरपत्रकातला फरक बहुधा याच ओळीत लपलेला असतो. मोफत ठेवणावळीचे दिवस किती आणि ते कुठल्या दिवसापासून मोजतात, तेही लेखी घ्या.

## टप्पा ६: सागरी विमा

गाडीचा नेहमीचा विमा समुद्रात चालत नाही. सागरी विम्यात ‘फक्त संपूर्ण नुकसान’ आणि ‘सर्व जोखमी’ असे प्रकार असतात. पहिल्यात ओरखडा, पोचा किंवा फुटलेली काच भरून मिळत नाही. जनरल ॲव्हरेज त्यात धरलेलं हवं. म्हणजे असं की संकटात जहाज वाचवण्याचा खर्च माल असलेल्या सगळ्यांमध्ये वाटला जातो, मग तुमच्या मालाला धक्का लागलेला असो वा नसो. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ अडकलं तेव्हा तसं जाहीर झालं होतं. विमा नसेल तर तुमचा वाटा किंवा अनामत भरेपर्यंत माल सुटत नाही.

## टप्पा ७: धुणं आणि तयारी

‘धुतली आहे’ आणि ‘तपासणीत पास होईल’ यांत फार अंतर आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे अधिकारी रंगाची चमक बघत नाहीत. ते माती, बिया, पानं, किडे आणि कोळ्याची जाळी शोधतात. सर्व्हिस सेंटरमधल्या नेहमीच्या वॉशने हे होत नाही. गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि स्वतः उभं राहून या जागा करून घ्या:

- चाकांवरची प्लास्टिकची अस्तरं काढून त्यांच्या मागची माती. दाबाचं पाणी बाहेरून मारलं तर ती आतच चिकटून राहते.
- वायपरखालची जाळी. सुकी पानं इथे कुजून मातीसारखी झालेली असतात.
- रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या फटी, जिथे मेलेले किडे अडकतात.
- सुट्या चाकाची खोबण. चाक काढा, व्हॅक्यूम करा, पुसा, कोरडं करा.
- सीटचे रूळ आणि त्याखालचा गालिचा. बिस्किटाचा चुरा, धान्याचे दाणे, कुत्र्याचे केस सगळं इथेच सापडतं.
- एसीचा केबिन फिल्टर. बदलूनच टाका.

धुतल्यावर गाडी कच्च्या रस्त्याने बंदरावर नेऊ नका. शक्य असेल तर ट्रकवर घालून न्या. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात ठरावीक देशांतून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्या गाड्यांना एका विशिष्ट ढेकणवर्गीय किड्यासाठी उष्णता किंवा धुरीचा उपचार सक्तीचा असतो. त्याचं प्रमाणपत्र आणि तो उपचार करणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे दोन्ही बघा.

बाकीची तयारी झटपट होते. इंधन पाव टाकी, कंपनी त्याहून कमी सांगेल तर तेवढंच. तेल किंवा कूलंटची गळती नको. रो-रोला गळकी गाडी परत पाठवतात. टायरमध्ये हवा पूर्ण, बॅटरी चांगली. अलार्म बंद. टोल टॅग, पार्किंग पास आणि घरच्या गेटचा रिमोट काढून घ्या. जादा किल्ली स्वतःजवळ ठेवा. ब्लूटूथवरचे संपर्क आणि नकाशातला घरचा पत्ता पुसून टाका.

मग फोटो. गाडी कोरडी असताना, दिवसाउजेडी, आठही बाजूंनी. प्रत्येक चाक, छप्पर, विंडस्क्रीन, आतला भाग, सुरू इंजिनासह किलोमीटरचा आकडा. जुना ओरखडा असेल तर तोही जवळून घ्या. दाव्याच्या वेळी जुना ओरखडा लपवलेला माणूस नव्या ओरखड्यातही हरतो.

## टप्पा ८: सोपवणं आणि बिल ऑफ लेडिंग

गाडी देताना स्थिती-अहवालावर सही होते. तिथला माणूस घाईत असतो आणि सवयीने ‘ओरखडे, पोचे’ असा सरसकट शेरा मारतो. कुठे, किती, ते लिहून घ्या. ‘सर्वत्र ओरखडे’ असा शेरा राहिला तर तुमचा दावा तिथेच संपला.

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा मिळाल्यावर जहाज सुटायच्या आधी चार गोष्टी तपासा: माल घेणाऱ्याचं नाव पासपोर्टप्रमाणे, चॅसिस नंबर, उतरवण्याचं बंदर, आणि तुमच्याशी पलीकडे संपर्क कुठे करायचा तो पत्ता. जहाज सुटल्यावर दुरुस्तीला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात. मूळ बिलाच्या प्रती कुरिअरने येणार आहेत की टेलेक्स रिलीज (मूळ कागद न दाखवता माल सोडण्याचा जहाज कंपनीचा संदेश), हेही ठरवा. मूळ कागद कुरिअरमध्ये हरवला तर गाडी समोर उभी असूनही मिळत नाही. व्यवहारात बँकेचं पतपत्र नसेल आणि भाडं भरलेलं असेल, तर टेलेक्स रिलीज किंवा सी वेबिल (ताब्यासाठी मूळ प्रत लागत नाही अशी पावती) सोयीचं.

## टप्पा ९: पोचल्यावर

जहाज पोचायच्या आठवडाभर आधी क्लिअरिंग एजंटकडे सगळे कागद पोचलेले हवेत. गाडी उतरल्यावर एजंट शोधायला निघालात तर मोफत दिवस त्यातच संपतात. डेमरेज म्हणजे कंटेनर बंदरात जास्त थांबल्याचं शुल्क, डिटेन्शन म्हणजे रिकामा कंटेनर उशिरा परत केल्याचं शुल्क. दोन्ही वेगवेगळे लागतात आणि दिवस वाढले की दरही चढतो.

किंमत कमी दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या एजंटला रामराम ठोका. कस्टम्सकडे किंमतपुस्तिका असते. चुकीच्या घोषणेवर दंड होतो आणि सवलतही जाऊ शकते. सही तुमची असते, एजंटची नसते.

ताबा घेताना गाडी आधी बघा, पावतीवर सही नंतर. दिसणारं नुकसान पावतीवरच लिहा आणि तिथेच फोटो घ्या. बऱ्याच देशांच्या वाहतुकीला लागू असलेल्या हेग-व्हिस्बी नियमांनुसार लगेच न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यावी लागते, आणि दाव्याला एक वर्षाची मुदत असते. विमा कंपनीची मुदत त्याहून कमी असू शकते, म्हणून त्याच दिवशी ईमेल करा.

> सावधान: बंदरातून गाडी चालवत बाहेर काढू नका. जुना नंबर आणि जुना विमा बहुधा संपलेला असतो, नवा आलेला नसतो. टोइंग ट्रक मागवा किंवा तात्पुरता नंबर आणि विमा आधी काढून ठेवा.

## टप्पा १०: रस्त्यावर आणणं

क्रम असा: कस्टम्सची सुटका, बदल, तांत्रिक चाचणी, नोंदणी. विमा कुठे बसवायचा ते देशावर अवलंबून असतं. बऱ्याच ठिकाणी विम्याशिवाय नोंदणी होत नाही आणि विमा कंपनी नोंदणी क्रमांक मागते. अशा वेळी चॅसिस नंबरवर विमा देणारी कंपनी शोधावी लागते. ती गाडी समुद्रात असतानाच शोधा. बाहेरून आणलेली गाडी आहे हे विमा कंपनीला लपवू नका.

मुदती घट्ट असतात. ब्रिटनमध्ये गाडी आल्यापासून १४ दिवसांत तिची माहिती कर खात्याच्या ‘नोव्हा’ प्रणालीवर द्यावी लागते. त्याशिवाय नोंदणीचा अर्ज पुढे सरकत नाही. चाचणीला जाण्याआधी हेडलाइट, इंडिकेटर, फॉग लॅम्प आणि स्पीडोमीटरचं एकक यांची कामं उरकून घ्या. चाचणीत नापास झाल्यावर दुसरी तारीख लवकर मिळेल असं गृहीत धरू नका.

तुमच्या वाहन चालवण्याच्या परवान्याचं प्रकरण गाडीपेक्षा वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय परवाना पाहुण्यासाठी असतो. रहिवासी झाल्यावर ठरावीक मुदतीत स्थानिक परवाना घ्यावा लागतो, आणि परवाना चालत नसेल तर विमाही चालत नाही.

नोंदणी झाल्यावर दोन कामं उरतात. आधीच्या देशातली नोंदणी अजून चालू असेल तर ती रद्द करून रस्ताकर आणि विम्याचा उरलेला परतावा मागा. दुसरं म्हणजे सवलतीची पुढची अट. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये सवलतीने आणलेली गाडी १२ महिने विकता, भाड्याने देता किंवा उसनी देता येत नाही. तसं केलं तर माफ झालेला कर भरावा लागतो. ही तारीख आयातीच्या कागदावरून मोजा आणि तो कागद गाडीच्या कागदांसोबतच जपून ठेवा. पुढे कधी विकायला काढलीत तर गिऱ्हाईकही तोच आधी मागेल.